म्हशीच्या शिंगावर स्क्रिमशॉ : परवडणारी हत्यारे कोणती आणि कोठे मिळतील?

रेखाटन (पुणे)

नमस्कार. स्क्रिमशॉ म्हणजे घोटून गुळगुळीत केलेल्या हाडावर, दातावर किंवा शिंगावर अणकुचीदार टोकाने बारीक रेघा ओढायच्या आणि त्या रेघांत रंग भरून चित्र उठवायचे. मी बरीच वर्षे शाईने रेखाचित्रे काढत आलो आहे आणि आता हा प्रकार शिंगावर करून पाहायची इच्छा आहे. त्यासाठी उत्तर प्रदेशातल्या संभलहून, सुरीच्या मुठीला लावतात तशा, म्हशीच्या शिंगाच्या दोन पट्ट्या मागवल्या आहेत. एक पूर्ण काळी आहे आणि दुसरीच्या टोकाला मधासारखा पिवळसर पट्टा आहे.

अडचण हत्यारांची आहे. परदेशी संकेतस्थळावर या कामाचा जो संच दिसला, तो टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून आठ हजारांच्या घरात जातो, आणि हे काम आपल्याला जमेल की नाही हेच ठाऊक नसताना एवढी रक्कम घालवणे जिवावर येते. म्हणून कंपासपेटीतले कर्कटक घेऊन काळ्या पट्टीवर एक लहानसे पान कोरून पाहिले. टोक दोनदा सटकले, परंतु रेघा पांढुरक्या आणि बऱ्यापैकी स्पष्ट उमटल्या. चकाकी यावी म्हणून त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवले, आणि पान समूळ नाहीसे झाले! पट्टी पुन्हा कोरीकरकरीत काळी दिसू लागली.

तेव्हा किमान कोणती हत्यारे घ्यावीत, ती पुण्या-मुंबईत कोठे मिळतील, आणि माझे पान कोठे गेले, या तिन्ही प्रश्नांवर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पेठकर

संच मुळीच घेऊ नका. त्यात असते काय, तर सुई पकडायची एक मूठ, चार सुया, शाईची बाटली आणि पॉलिशची डबी. सुई पकडायला घड्याळजी आणि सोनार वापरतात ती पिन व्हाइस पुरते, आणि ती रविवार पेठेत सोनारकामाचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारलीत, तर दंतवैद्यांची जुनी हत्यारेही किरकोळ भावात हाती लागतील.

घडणावळ (कोल्हापूर)

आमच्या घरात तीन पिढ्या सोनारकाम आहे. मी स्वतः धातूवर कोरतो आणि शिंगावर हौसेने थोडेफार काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

प्रथम आपले पान कोठे गेले ते सांगतो. ते जागेवरच आहे. काळ्या शिंगावर ओरखडा पांढरा दिसतो, कारण खडबडीत झालेल्या त्या रेघेवरून प्रकाश विखुरतो, तिथे रंग असा काहीच नसतो. तेलाने रेघ भरली की खडबडीतपणा झाकला जातो आणि पांढरेपणाही जातो. ओल्या पाटीवर पेन्सिलीची जुनी रेघ दिसेनाशी व्हावी, तसाच हा प्रकार आहे. सौम्य साबणाच्या पाण्याने पट्टी धुऊन पुसा, पान परत येईल. परंतु ते टिकवायचे असेल, तर काळ्या शिंगावर रेघेत पांढरा रंग भरावाच लागतो, आणि त्यासाठी चित्रकारांचा टायटॅनियम व्हाइट ऑइल कलर सर्वांत सोयीचा पडतो. काळी शाई फक्त आपल्या पिवळसर पट्ट्यावर चालेल.

आता हत्यारांकडे वळू. घरगुती शिवणयंत्राच्या सुईचा जाड भाग साधारण २ मिमीचा असतो, आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी ड्रॉइंगसाठी वापरतात त्या क्लच पेन्सिलीत २ मिमीचेच शिसे बसते. शिसे काढून तिथे सुई घालून पाहा. तिची एक बाजू चपटी असल्यामुळे ती अगदी थोडी हलते, तेव्हा दोऱ्याचे दोन वेढे देऊन घट्ट बसवा. पिन व्हाइसपेक्षा ही मूठ हलकी असते, आणि ज्याचा हात पेनाला सरावलेला आहे त्याला ती लगेच आपलीशी वाटते. मात्र सुईचे नाक, म्हणजे दोरा ओवायचे छिद्र, टोकाच्या अगदी जवळ असते आणि दाब पडला की सुई नेमकी तिथेच मोडते. म्हणून पक्कडीने नाकाच्या वर तोडून घ्या आणि नवीन टोक काढा. तोडताना सुईवर कापड धरा, कारण तुकडा उडून डोळ्याकडे येतो. चष्मा हवाच.

टोक काढणे हे या कामातले खरे कौशल्य आहे आणि संच विकणारा ते आपल्याला विकू शकत नाही. ऑइल स्टोनवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, दोन थेंब शिवणयंत्राचे तेल टाका, सुई तिरकी धरा आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये ती फिरवत फिरवत मागे ओढा. पेन्सिल तासल्यावर जेवढे लांब टोक निघते, त्यापेक्षा हे टोक थोडे आखूड ठेवावे, कारण फार निमुळते टोक शिंगात अडकून मोडते. शेवटी चामड्याच्या तुकड्याला धातूचे पॉलिश लावून त्यावर टोक दहा-बारा वेळा ओढा. मग ते आपल्या अंगठ्याच्या नखावर, वजन न देता, नुसते टेकवून पुढे सरकवा. टोक घसरले तर धार नाही, आणि जिथल्या तिथे रुतले तर हत्यार तयार आहे. ही पारख कोरीवकाम करणारे धातूकामासाठीही करतात. शिंगाच्या बाबतीत मात्र ती केवळ पारख राहत नाही, कारण नख आणि शिंग दोन्ही केराटिनचीच असतात, आणि नखावर टोक जसे वागते तसेच ते शिंगावर वागणार असते.

कर्कटक सटकण्याचे कारणही हेच. त्याचे टोक कागदाला भोक पाडण्यापुरतेच असते, त्याला धार नसते.

दर्यापार (मॅसॅच्युसेट्स)

घडणावळ यांनी सुईबद्दल लिहिलेले वाचून गंमत वाटली, कारण या कलेचा जन्मच सुईतून झालेला आहे. माझ्या घरापासून न्यू बेडफर्डचे देवमाशांच्या शिकारीचे संग्रहालय गाडीने तासाभरावर आहे आणि पाहुणे आले की त्यांना तिथे नेण्याचा आमचा शिरस्ता झाला आहे. स्क्रिमशॉचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात नँटकेट आणि न्यू बेडफर्ड येथून निघालेली गलबते तीन-तीन, चार-चार वर्षे समुद्रावर असत. देवमासा दिसेपर्यंत खलाशांना आठवडेच्या आठवडे काम नसे, आणि मग स्पर्म व्हेलचे दात घेऊन ते चाकूने व शिडे शिवायच्या सुयांनी त्यांवर जहाजे कोरत. ती सुई म्हणजे पोती शिवायच्या आपल्या दाभणाची सख्खी बहीण म्हणावी अशी असते. रंग म्हणून दिव्याची काजळी तेलात कालवून रेघांत चोळत. फ्रेडरिक मायरिक या खलाशाने १८२८-२९ मध्ये ‘सुझन’ या जहाजावर कोरलेले दात आज अमूल्य मानले जातात, आणि त्यांच्यामागचा हत्यारांचा खर्च बहुधा एका चाकूपलीकडे गेलेला नसावा.

शिंगाची परंपरा तर याहूनही जुनी आहे. १७५४ ते १७६३ या काळात इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात उत्तर अमेरिकेत जे युद्ध झाले, त्यातले सैनिक बंदुकीची दारू बैलाच्या शिंगात ठेवत आणि त्या शिंगांवर किल्ले, हडसन नदीचे खोरे, स्वतःचे नाव असे काय काय कोरत. दातापेक्षा शिंग हलके आणि स्वस्त असते. तेव्हा आपण दुय्यम माध्यम निवडले आहे असे मुळीच समजू नका.

रेखाटन

पट्टी धुतली. पान परत आले! मनःपूर्वक आभार.

आणखी दोन शंका आहेत. घोटलेल्या शिंगावर पेन्सिल उमटतच नाही, मग मूळ चित्र त्यावर उतरवायचे कसे? आणि दाभण घरातच आहे, तर तेच वापरले तर चालेल का?

घडणावळ

दाभणाला कानस लावून पाहा. कानस काचेवरून सरकावी तशी घसरली तर पोलाद कडक आहे, आणि तिने सहज कीस काढला तर ते दाभण पोत्यांसाठीच ठेवा. बाजारात हल्ली मऊ लोखंडाचीच दाभणे अधिक दिसतात, आणि ती तापवून तेलात बुडवली तरी कडक होत नाहीत, कारण त्यांत पुरेसा कार्बनच नसतो. त्यापेक्षा एखाद्या वर्कशॉपमधून मोडलेले ड्रिल बिट मागून आणा. ते हायस्पीड स्टीलचे असते आणि ग्राइंडरवर घासताना तापले तरी मऊ पडत नाही. काँक्रीटचा खिळाही कडक असतो, पण त्याला घासताना मधूनमधून पाण्यात बुडवत राहावे लागते, नाहीतर टोक निळे पडून मऊ होते.

आपण पुण्याचे आहात म्हणून एक गुपित सांगतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट बोर्डांना भोके पाडायची कार्बाइडची, म्हणजे पोलादाहून कठीण अशा पदार्थाची, ड्रिल बिटे मोडली की कारखाने ती टाकून देतात. त्यांची मूठ ३.१७५ मिमीची, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाची असते आणि कार्बाइडचे टोक सुईपेक्षा कितीतरी पट टिकते. भोसरीकडे कोणी ओळखीचे असेल तर मूठभर मागून घ्या. त्यांना टोक काढायला मात्र साधा ऑइल स्टोन चालत नाही, हिऱ्याची कानस लागते. ती सोनारी साहित्यात मिळते.

टाकेदोरे

चित्र उतरवण्याबद्दल मी सांगू शकेन, जरी शिंगावर कधी काम केलेले नाही. जरदोजी आणि हातभरतकामात आम्ही खाका वापरतो. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, तिच्या रेघांवरून सुईने जवळजवळ भोके पाडायची, आणि तो कागद कापडावर ठेवून त्यावरून झिंक ऑक्साइडची पांढरी पूड रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवायची. गडद कापडावर पांढऱ्या ठिपक्यांची स्वच्छ नक्षी उतरते. फिकट कापडासाठी पांढऱ्या पुडीऐवजी नीळ घेतात. आपल्या काळ्या पट्टीवरही हे उतरायला हरकत नसावी. फक्त बोळा अगदी निथळलेला घ्या, कारण कापड जादा ओल शोषून घेते तशी शिंग घेणार नाही आणि ठिपके फुटतील.

दर्यापार

टाकेदोरे ताई, खलाशीसुद्धा हेच करत! मासिकातले चित्र दातावर चिकटवून त्याच्या रेघांवरून सुईने टोचत जायचे, कागद काढला की ठिपके उरत, आणि मग ते ठिपके रेघांनी जोडायचे. संग्रहालयातल्या काही दातांवर भिंगातून पाहिले तर ते टोचे आजही दिसतात.

यंत्रबुवा

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजले नाही. हाती धरायचे छोटे रोटरी यंत्र आता दीड-दोन हजारांत मिळते. त्याला बारीक बर, म्हणजे फिरत कोरणारे टोक, लावले की तासाभरात काम होते.

घडणावळ

यंत्राला माझा विरोध नाही, दागिने घडवताना मी ते रोज वापरतो. परंतु शिंग उष्णतेने मऊ होते. कंगवे करणारे कारागीर शिंग तापवूनच सपाट करतात, तो हाच गुण. वेगाने फिरणारा बर शिंग कापण्याआधी ते तापवतो, रेघेच्या कडा वितळल्यासारख्या गुठळ्या धरतात आणि घरभर केस जळाल्याचा वास सुटतो. शिवाय स्क्रिमशॉची रेघ केसाएवढी असते, आणि बर कितीही बारीक घेतला तरी त्याचा चर तिच्यापेक्षा रुंदच पडतो. उठावाचे कोरीवकाम करायचे असेल तर यंत्र जरूर घ्यावे.

यंत्रबुवा

मी लाकडावरच काम केले आहे. वितळण्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता.

गावशीव (सातारा जिल्हा)

हत्यारांची चर्चा चालली आहे खरी, पण पृष्ठभाग घोटण्याबद्दल कोणी फारसे लिहिलेले नाही. पोळ्याच्या, आमच्याकडे बेंदराच्या, आधी बैलांची शिंगे साळतात हे बहुतेकांनी पाहिले असेल. आमचे आजोबा धारदार पात्याने वरचा खरखरीत थर काढत आणि शेवटचा हात फुटक्या काचेच्या तुकड्याचा देत. काचेची ताजी कड शिंगावरून आडवी ओढली की पापुद्र्यासारखा कीस निघतो आणि खाली जो पृष्ठभाग मिळतो, तो खरखरीत पॉलिश पेपरने कधी मिळत नाही. तुकड्याच्या एका बाजूला जाड चिकटपट्टी गुंडाळून मगच तो हातात धरावा. बाटलीच्या वक्र काचेपेक्षा खिडकीच्या तावदानाची सपाट काच सोयीची असते. ही काच पदरमोड न करता मिळते, एवढेच नव्हे, तर काचवाला ती आनंदाने देऊन टाकतो.

घडणावळ

हे फार मोलाचे सांगितलेत. काचेनंतर वॉटर पेपर पाण्यात भिजवून ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० असा क्रमाने चढवत जा. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नका. घोटण्याचा हेतू केवळ चकाकी हा नसतो. एकही नको असलेला ओरखडा राहिला तर रंग त्यातही शिरतो, आणि आपण न काढलेली रेघ चित्रात कायमची दिसत राहते. कामाला लागण्यापूर्वी कोपऱ्यात थोडा रंग चोळून पुसून पाहा. तो डाग न ठेवता पूर्ण निघाला तरच पुढे जा.

शिंगाला लाकडासारखे आस, म्हणजे एका दिशेने जाणारे तंतू, असतात, हेही सांगायचे राहिले. आसाच्या दिशेने रेघ ओढताना सुई आपल्याला हवी त्यापेक्षा पुढे पळते आणि आडवी ओढताना कडेला बारीक कोर उठते. म्हणून लांब रेघ एका दमात ओढू नका, तीन-चार हलक्या हातांत ती खोल करा. छाया रेघांऐवजी ठिपक्यांनी भरली तर नवशिक्याला सोपे जाते, कारण ठिपका आसाच्या नादी लागत नाही. रंग भरण्यापूर्वी २००० नंबरच्या कागदाचा एकच अलगद हात द्या, म्हणजे उठलेली कोर जाईल. रंग बोटाने चोळून झाल्यावर लाकडाच्या सपाट ठोकळ्याला सुती कापड गुंडाळून त्याने पुसा. मोकळे कापड रेघेत शिरते आणि भरलेला रंग ओढून काढते.

कोकणवाट

हत्यारांइतकेच शिंग कोणते घ्यायचे याचेही भान ठेवावे, म्हणून थोडे लिहितो. अनेकांच्या घरी उगाळून लावायला ठेवलेले सांबरशिंग असते आणि ‘ते झडलेलेच तर आहे’ असा समज असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ झडलेल्या आणि कापलेल्या शिंगात असा फरक करत नाही. चितळ, सांबर, गवा यांपैकी कोणाच्याही शिंगावर हात चालवू नये. एकोणिसाव्या शतकात विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू होत असत, परंतु ती गोष्ट त्या काळाबरोबर गेली. आमच्या किनाऱ्यावर मेलेला देवमासा अधूनमधून लागतो. त्याचा दात तर सोडाच, ‘उलटी’ म्हणून विकला जाणारा अंबरग्रीस बाळगल्याबद्दल लोकांना अटक झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आपण संभलहून म्हशीचे शिंग मागवले, ते योग्यच केले. पावती जपून ठेवा.

गावातून कच्चे शिंग आणून घरी उकळण्याचा मोहही टाळावा. मेलेल्या जनावराच्या शिंगा-कातड्यावर काळपुळीचे बीजाणू वर्षानुवर्षे टिकू शकतात. प्रक्रिया केलेल्या पट्टीची किंमत फार नसते.

पेठकर

आणि घोटताना मास्क लावा. ओले घोटले तर पूड उडत नाही, पण काचेने किंवा कानशीने कोरडे काम करताना ती थेट नाकात जाते.

रेखाटन

आज सुमारे पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. मधल्या काळातला हिशेब आधी देतो. शिवणयंत्राच्या सुयांचे पाकीट ८० रुपये, क्लच पेन्सिल १६०, वॉटर पेपरचे आठ कागद १६०, डोक्याला बांधायचे भिंग ३८० आणि पांढऱ्या ऑइल कलरची नळी ९०, असे एकूण ८७० रुपये लागले. ऑइल स्टोन घरात वडिलांचा होता. काच शेजारच्या फ्रेमवाल्याने दिली आणि वर ‘कशाला हवी’ म्हणून अर्धा तास थांबवून घेतले. सर्वांत महाग पडले ते भिंग, आणि त्याशिवाय काम अशक्य होते असे आता वाटते. उघड्या डोळ्यांना जी एक रेघ दिसत होती, ती भिंगातून पाहिल्यावर तीन वेगवेगळ्या वाटांनी गेलेली निघाली.

पहिल्या आठवड्यात कोरणे जवळजवळ झालेच नाही. नुसती टोके काढली आणि नखावर लावून पाहिली. डाव्या अंगठ्याचे नख इतके ओरखडले गेले की कचेरीत दोघांनी चौकशी केली. नवव्या की दहाव्या सुईला ते टोक पहिल्यांदा नखावर जागच्या जागी रुतले, आणि त्याच सुईने मी पिवळसर पट्ट्यावर सुगरणीचे घरटे काढले. घरट्याच्या काड्या शिंगाच्या आसाच्याच दिशेने असल्यामुळे सुईचे पळणे अनायासे उपयोगी पडले. त्यात देवघरातल्या समईची काजळी तेलात कालवून भरली. ती शाईपेक्षा किंचित तपकिरी दिसते आणि मला अधिक आवडली.

काळ्या पट्टीवर टाकेदोरे यांच्या पद्धतीने खाका उतरवला. पहिल्यांदा बोळा ओला राहिला आणि ठिपके फुटलेच, दुसऱ्यांदा ते स्वच्छ उतरले. त्यावर सुगरण पक्षी ठिपक्यांनी भरला आहे. पांढरा रंग भरून चार दिवस झाले तरी तो अजून बोटाला लागतो, म्हणून पट्टी उघड्या डब्यात ठेवून दिली आहे. पक्ष्याच्या चोचीखाली एक लांब ओरखडा गेला आहे. तो माझ्याच हातून, दार वाजले म्हणून दचकल्यामुळे गेला. त्याचे गवताचे पाते करावे, की तेवढा भाग घासून पुन्हा घोटावा, हे ठरत नाही.

घडणावळ

घासू नका. सपाट पट्टीवर तेवढाच भाग घासला तर तिथे खळगा पडतो आणि उजेडात तो ओरखड्यापेक्षा ठळक दिसतो. पातेच करा, पण एकटे नको, शेजारी आणखी दोन काढा, म्हणजे ते मुद्दाम काढलेले वाटेल. रंग वाळायला ऑइल कलरला आठवडाभर किंवा थोडे अधिकही लागते. तोवर मेणाचे पॉलिश लावू नका.

रेखाटन

तीन पाती काढतो.